घरगुती बिअर : आधी घासणे, मग जंतुनाश

घरी बिअर बनवताना सर्वांत जास्त वेळ जातो तो भांडी धुण्यात. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात भिजवून जो गोड अर्क काढतात त्याला ब्रुअर 'वर्ट' म्हणतात. हा वर्ट हॉप्सची फुले घालून साधारण तासभर उकळतात आणि थंड करून त्यात यीस्ट सोडतात. साखर, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि कोमट तापमान असे सगळे त्यात तयार असल्यामुळे यीस्टला तो जितका मानवतो तितकाच हवेतल्या, धान्याच्या धुळीतल्या आणि नळीच्या कोपऱ्यात दडलेल्या इतर जंतूंनाही मानवतो. त्यात आधी कोणाची वस्ती होते यावर बिअरची चव ठरते. भांडी घासणे आणि त्यांवरचे जंतू मारणे ही सगळी खटपट त्या वस्तीत यीस्टला पुढे ठेवण्यासाठी असते.

हा छंद मुख्यतः ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत रुजला. ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवण्यासाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा संघीय कर उठला. तिथे दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर बिअर स्वतःच्या वापरासाठी बनवता येते. त्या देशांत स्थायिक झालेल्या मराठी माणसांना हा छंद कायदेशीरपणे करता येतो. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते का असेना.

जंतूंचा शोध

बिअर का नासते हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच नीट ठाऊक नव्हते. लुई पाश्चर यांनी १८७१ साली लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीला भेट दिली, तिथले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात यीस्टखेरीज इतर जंतूही आहेत हे दाखवून दिले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. बिअरच्या बिघाडांवरचा पाश्चर यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट तयार केले. बिअर बिघडवणाऱ्यांत बॅक्टेरियाबरोबर रानटी यीस्टही असते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. आज घरगुती ब्रुअर पाकिटातून जे यीस्ट वापरतो ते याच कामाचे फळ आहे. पाकिटातले यीस्ट शुद्ध असले तरी ते ज्या भांड्यात पडते ते भांडे शुद्ध ठेवणे वापरणाऱ्याच्या हाती असते.

दोन वेगळी कामे

नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत म्हणजे धुणे आणि जंतुनाश ही एकच गोष्ट समजणे. धुण्याने दिसणारी आणि हाताला लागणारी घाण जाते: वर्टचा चिकटा, यीस्टचा साका, हॉप्सची राळ, क्षारांचा थर. जंतुनाशाने स्वच्छ पृष्ठभागावर उरलेल्या जंतूंची संख्या इतकी खाली येते, की ते यीस्टला जड जात नाहीत. एकही जंतू किंवा बीजाणू न उरणे म्हणजे पूर्ण निर्जंतुकीकरण. ते शस्त्रक्रियेच्या साधनांना लागते. स्वयंपाकघरात ते सहसा साधत नाही आणि बिअरला त्याची गरजही नसते. वीस लिटर वर्टमध्ये योग्य प्रमाणात यीस्ट घातले तर दर मिलिलिटरला सुमारे ९० लाख पेशी पडतात. एवढ्या फौजेपुढे भांड्यावर उरलेल्या मूठभर जंतूंचा टिकाव लागत नाही.

या दोन कामांचा क्रम बदलता येत नाही. खरकट्या भांड्यात कितीही महाग जंतुनाशक ओतले तरी ते घाणीच्या वरच्या थरावरच खर्ची पडते आणि खालचे जंतू शाबूत राहतात. ओलसर पृष्ठभागावर बॅक्टेरिया स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. हे आवरण घासून किंवा क्षारयुक्त पाण्यात भिजवूनच सुटते. नुसत्या जंतुनाशकाला ते दाद देत नाही.

घासण्याचे शास्त्र

धुलाईची परिणामकारकता चार गोष्टींवर अवलंबून असते: रसायन, तापमान, वेळ आणि घासणे किंवा खळबळणे. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली ही मांडणी केली. चारपैकी एक कमी पडली तर उरलेल्यांनी ती भरून काढावी लागते. अरुंद तोंडाच्या काचेच्या कुप्पीत हात जात नाही, म्हणून तिथे गरम पाणी आणि जास्त वेळ भिजवणे यांवर भर द्यावा लागतो. उघड्या पातेल्याला पाच मिनिटांची घासणी पुरते.

बिअरची घाण बहुतांशी सेंद्रिय असते, आणि ती क्षारयुक्त द्रावणाने सुटते. घरगुती ब्रुअरमध्ये सर्वाधिक वापर होतो तो सोडियम परकार्बोनेटचा. हे पांढरे दाणे पाण्यात विरघळले, की त्यांतून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतात. सोडा चिकटा सैल करतो, तर पेरॉक्साइडचे बुडबुडे घाण उचलून वर आणतात. 'पीबीडब्ल्यू' या नावाने विकल्या जाणाऱ्या पावडरीत परकार्बोनेटबरोबर मेटासिलिकेटही असते. ५० ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात भांडे रात्रभर भिजत ठेवले तर वाळलेल्या फेसाचे तपकिरी कडेही बहुधा न घासता निघते. हे द्रावण भरलेले भांडे घट्ट बंद करू नये, कारण ऑक्सिजन सुटत राहून आत दाब वाढतो. मोठ्या ब्रुअऱ्यांत कॉस्टिक सोडा वापरतात. तो त्वचा आणि डोळे जाळतो, ॲल्युमिनियमही खातो. घरात त्याच्या वाटेला न जाणेच बरे.

भांडी घासायचा सुगंधी साबण टाळावा. त्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरतो आणि त्याचा पातळ थर राहिला तर बिअरचा फेस टिकत नाही. तारेचा चोथा आणि खरखरीत घासणीही प्लास्टिकला लावू नये. प्रत्येक ओरखडा म्हणजे जंतूंना लपायला एक खाच. तिथे ब्रशही पोचत नाही आणि जंतुनाशकही. मऊ फडके किंवा स्पंज पुरेसा असतो, आणि खूप ओरखडे पडलेली बादली सरळ बदलून टाकावी.

दुसऱ्या प्रकारची घाण खनिज असते. वारंवार वापरलेल्या भांड्याच्या आत करडा-पिवळट खरखरीत थर दिसू लागतो. त्याला 'बिअरस्टोन' म्हणतात. तो कॅल्शियम ऑक्झलेट आणि प्रथिने यांचा असतो. सोड्याने तो निघत नाही. त्याला फॉस्फोरिक आम्लासारखे आम्ल लागते. थर जुना असेल तर आधी क्षार, मग स्वच्छ पाणी, मग आम्ल असा क्रम ठेवतात.

भांडे खरोखर स्वच्छ झाले की नाही हे पाण्यावरून कळते. स्वच्छ काचेवरून पाणी सलग पडद्यासारखे ओघळते. थेंब फुटून जागोजागी चिकटत असतील तर तिथे चिकटा शिल्लक आहे, असे समजावे.

जंतुनाशके कोणती?

सध्या सर्वांत लोकप्रिय आहेत ती आम्लधर्मी जंतुनाशके. 'स्टार सॅन' हे त्यांतले प्रसिद्ध नाव. त्यात फॉस्फोरिक आम्ल आणि डोडेसिल बेन्झिन सल्फोनिक आम्ल असते. १९ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर हे त्याचे प्रमाण असून, पृष्ठभाग एक-दोन मिनिटे ओला राहिला की काम होते. ते पुन्हा धुवावे लागत नाही. त्याचा भरपूर फेस होतो, पण थोडा फेस भांड्यात राहिला तरी वर्टमध्ये मिसळून तो इतका विरळ होतो, की चवीवर परिणाम होत नाही. सांगितल्यापेक्षा दाट द्रावण केले तर मात्र ही हमी राहत नाही. द्रावणाचा सामू ३ किंवा त्याहून कमी असेपर्यंतच ते परिणामकारक असते. जड पाण्यात ते लवकर गढूळ होते आणि त्याची ताकद घटते. ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत भरून ठेवले तर बरेच दिवस पुरते. सामू मोजण्याच्या कागदपट्टीने ते अधूनमधून तपासता येते.

आयोडोफोर हे आयोडीनयुक्त द्रावण दुग्धव्यवसायात जुने आहे. १९ लिटर पाण्यात १५ मिलिलिटर घातले, की दहा लाख भागांत साधारण १२.५ भाग आयोडीन मिळते. दोन मिनिटे भिजवून भांडे उपडे ठेवून निथळले, की पुरे. द्रावणाचा तपकिरी रंग उडाला, की आयोडीन संपले असे समजावे. प्लास्टिकच्या नळ्या आणि कपडे यांवर त्याचे डाग पडतात.

घरोघरी मिळणारे स्वस्त जंतुनाशक म्हणजे ब्लीच, अर्थात सोडियम हायपोक्लोराइट. लिटरभर थंड पाण्यात चार मिलिलिटर बिनवासाचे ब्लीच घालून वीस मिनिटे भिजवणे हा जुना प्रघात. त्याचे तोटे तीन. ते उकळून थंड केलेल्या पाण्याने धुवून काढावे लागते. जास्त वेळ राहिल्यास स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते. आणि क्लोरीनचा अंश राहिला तर माल्ट व यीस्टमधल्या फिनॉलशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल बनतात. त्यांना दवाखान्यातल्या औषधी पट्टीसारखा वास येतो आणि अत्यल्प प्रमाणातही तो जाणवतो. ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एका भांड्याला ब्लीच आणि त्यानंतर लगेच आम्लधर्मी जंतुनाशक, असा प्रयोगही करू नये.

वाइन बनवणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड जंतूंची वाढ रोखतो. पण तो आम्लधर्मी रसातच नीट काम करतो, शिवाय दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो. बिअरच्या भांड्यांसाठी त्यावर विसंबू नये.

उष्णतेचा उपाय

रसायनाखेरीजचा सर्वांत जुना उपाय म्हणजे उष्णता. धातूच्या लहान वस्तू दहा मिनिटे उकळल्या तरी बहुतेक जंतू मरतात. बीजाणूही मारायचे असतील तर वाफेचा दाब लागतो: १२१ अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे. आपल्या घरातला प्रेशर कुकर साधारण एवढाच तापतो, आणि यीस्ट आधीच वाढवून घेण्यासाठी लागणारा थोडा वर्ट त्यात निर्जंतुक करता येतो. ओव्हनच्या कोरड्या उष्णतेला १७० अंशांवर तासभर लागतो. काचेच्या बाटल्या ओव्हनमध्ये थंड असतानाच ठेवून हळूहळू तापवाव्या आणि तशाच हळूहळू निवू द्याव्या, नाहीतर त्या तडकतात. पारदर्शक पीईटी प्लास्टिकच्या भांड्यात कडकडीत पाणी ओतल्यास ते वेडेवाकडे होते. जाड काचेची मोठी कुप्पी गरम-थंडाच्या फरकाने फुटते आणि गंभीर जखमा करते. तिच्यात फक्त कोमट पाणी घालावे.

उकळण्याच्या अलीकडे आणि पलीकडे

सगळ्याच भांड्यांचा जंतुनाश करण्याची गरज नसते. माल्ट भिजवण्याचे भांडे, ढवळायचा डाव, उकळण्याचे पातेले ही फक्त स्वच्छ असली की पुरते, कारण पुढच्या तासभराच्या उकळीत जंतू मरणारच असतात. चुलीवरून पातेले उतरले आणि वर्ट ८० अंशांखाली येऊ लागला, की नियम बदलतो. त्यानंतर वर्टला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू जंतुनाशकातून गेलेली असावी: गाळणी, नरसाळे, तापमापी, हायड्रोमीटर, आंबवण्याची बादली, तिचे झाकण, यीस्टच्या पाकिटाची कड आणि ते कापायची कात्रीसुद्धा. वर्ट थंड करण्याचे तांब्याचे किंवा स्टीलचे वेटोळे उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत वर्टमध्येच बुडवून ठेवतात, म्हणजे त्याला वेगळे काही करावे लागत नाही.

पहिले बारा ते चोवीस तास सर्वांत नाजूक. यीस्ट अजून जोमात आलेले नसते, अल्कोहोल बनलेले नसते आणि सामूही ५ च्या वर असतो. याच काळात धान्यातले बॅक्टेरिया संधी साधतात. म्हणून माल्ट भरडण्याचे काम आंबवण्याच्या जागेपासून दूर करतात. त्या धुळीत आंबटपणा आणणारे लॅक्टोबॅसिलस मुबलक असतात. वर्ट लवकर थंड करणे आणि ताजे यीस्ट पुरेसे घालणे हेही स्वच्छतेचेच भाग आहेत. पुढे यीस्ट स्वतःच सामू ४.५ च्या खाली आणते आणि हॉप्समधली कडू आम्ले अनेक बॅक्टेरिया रोखून धरतात.

कुठे काय दडते?

तोटी ही सर्वांत फसवी जागा. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या बॉल व्हॉल्व्हच्या आत, गोळा आणि आवरण यांच्या फटीत, मागच्या खेपेचा वर्ट कुजत असतो. दर वापरानंतर तोटी सुटी करून घासावी. प्लास्टिकच्या नळीला आतून ब्रश लागत नाही. वापरताक्षणी तिच्यातून गरम पाणी सोडावे, टांगून पूर्ण वाळवावी आणि आतून ढगाळ दिसू लागली, की फेकून द्यावी. बिअर एका भांड्यातून दुसऱ्यात काढताना नळीला तोंड लावून ओढणे ही वाईट सवय. तोंडात लॅक्टोबॅसिलसचीच वस्ती असते. त्यासाठी हाताने दाबायचा सायफन मिळतो.

हवाबंद झाकणातल्या एअरलॉकमध्ये, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण बाहेरची हवा अडवणाऱ्या लहान साधनात, साध्या पाण्याऐवजी जंतुनाशक किंवा व्होडका भरतात, कारण तापमान उतरले की त्यातले थेंब आत ओढले जाऊ शकतात. रबरी कड्या, झाकणाच्या खाचा, बाटल्या भरण्याच्या दांडीच्या टोकाची स्प्रिंग हे सगळे सुटे करून धुवावे. पिंपातून बिअर देणारे असतील तर त्यांनी वितरणाच्या नळ्या दर चौदा दिवसांनी धुवाव्या, असा व्यावसायिकांतला संकेत आहे.

बाटल्यांच्या बाबतीत एक सवय बाकी सगळे श्रम वाचवते: बिअर ओतल्याबरोबर बाटली तीन वेळा विसळून उपडी ठेवणे. तसे केले नाही तर तळाशी वाळलेले यीस्ट आणि त्यावरची बुरशी काढणे हे तासन्‌तास भिजवण्याचे काम होते. बाटलीत साका अडकला आहे का हे उजेडासमोर धरून पाहावे. संशय राहिला तर ती बाटली वापरू नये.

बिघाडाच्या खुणा

प्रत्येक जंतू आपली ओळख चवीतून देतो. लॅक्टोबॅसिलसने बिअर आंबट होते. पेडिओकॉकसने लोण्यासारखा वास येतो आणि कधी ती तारेसारखी चिकट होते. असिटोबॅक्टरला हवा मिळाली, की व्हिनेगर बनते. यीस्ट सोडण्यास उशीर होऊन वर्टमध्ये इतर बॅक्टेरिया आधी वाढले तर शिजलेल्या कोबीसारखा वास येतो. पृष्ठभागावर पांढरट सुरकुतलेली साय दिसली तर रानटी यीस्ट किंवा बॅक्टेरिया आत आले आहेत. डायस्टॅटिकस जातीचे यीस्ट सर्वांत धोक्याचे. साध्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिनही ते आंबवते, बाटलीतला दाब आठवडेच्या आठवडे वाढत राहतो आणि काच फुटते. एखाद्या खेपेतली बाटली उघडताच कारंजे उडाले, तर उरलेल्या बाटल्या थंड कराव्या, जाड कापडात धराव्या आणि डोळ्यांना चष्मा लावून उघडाव्या.

आंबून तयार झालेल्या बिअरमध्ये अल्कोहोल, आम्लता, हॉप्स आणि ऑक्सिजनचा अभाव यांमुळे माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जंतू सहसा वाढत नाहीत. बिघडलेली बिअर बेचव असते, क्वचितच घातक. न आंबवलेल्या वर्टची गोष्ट वेगळी. नुसता उकळलेला वर्ट बाटलीत सीलबंद करून खोलीच्या तापमानाला ठेवला, तर त्यात बोट्युलिझमचे विष बनवणारे क्लॉस्ट्रिडियम वाढू शकते. असा वर्ट प्रेशर कुकरमधूनच काढावा किंवा बनवल्याबरोबर यीस्ट घालून वापरावा.

जंतूंना आमंत्रण देऊन बनवलेली बिअरही जगात आहे. ब्रसेल्सच्या कांतिलोन ब्रुअरीत थंडीच्या महिन्यांत वर्ट उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतल्या व लाकडी पिंपांतल्या यीस्टवर तो वर्षानुवर्षे आंबतो. लॅम्बिक म्हणतात ती हीच. घरी असा प्रयोग करणारे त्यासाठी वेगळी बादली, वेगळी नळी आणि वेगळी तोटी ठेवतात, कारण प्लास्टिकमध्ये मुरलेले हे पाहुणे पुन्हा पूर्णपणे बाहेर काढता येत नाहीत.

रसायने हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात नाही, आणि सगळ्या बाटल्यांवर नाव लिहून त्या मुलांपासून दूर ठेवाव्या. चांगल्या धुलाईला महाग साधन लागत नाही. परकार्बोनेट, एक विश्वासाचे जंतुनाशक, मऊ ब्रश आणि फवाऱ्याची बाटली एवढ्यावर भागते. एखादी खेप बिघडलीच, तर पाककृतीला किंवा यीस्टला दोष देण्याआधी तोटी सुटी करून पाहावी आणि जुनी नळी बदलावी. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते.